मर्लच्या बंदुका

लुईसटाऊन, मोंटाना
६ मार्च १९८८

प्रिय ऑरिन,

फोनवर तुला काही ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या विल्मा टकरला सगळं ऐकू जातं. म्हणून कागदावर लिहिते. तुझ्या भावाला जाऊन चार महिने होत आले. त्याचे कपडे चर्चला दिले. ट्रक ड्वाइट बिलिंग्जला घेऊन गेला. आता राहिलं ते तळघर.

तिथे काय आहे ते तुला ठाऊक आहे. चाळीसच्या वर बंदुका आहेत. दोन्ही भिंतींवर, काचेच्या कपाटात, जुन्या कॉटखालीसुद्धा. चव्वेचाळीस वर्षं मी या घरात संसार केला आणि खाली जायचे ती फक्त काचा पुसायला आणि केर काढायला. मर्लने काही लिहून ठेवलेलं नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी मी विचारलंसुद्धा, की एवढ्या सगळ्याचं मी करू काय. तर म्हणाला, तुला कळेल. मला काय डोंबल कळणार, असं म्हणेपर्यंत त्याचा डोळा लागला होता.

ड्वाइटचं म्हणणं, एकगठ्ठा विकून मोकळी हो. त्यानेच एक दुकानदार पाठवला. हा गृहस्थ चकचकीत बूट घालून आला, खाली गेला, माझी कॉफी उकळायच्या आत वर आला आणि सगळ्यांचे मिळून चार हजार डॉलर सांगितले. वर म्हणाला, बऱ्याच गंजल्यात, तुमच्या मुलाच्या ओळखीखातर नेतोय. महिनाअखेरीला परत येणार आहे.

आता माझा स्वभाव तू जाणतोस. गंजल्यात म्हटल्यावर मला राहवेना. काल सकाळी बाह्या वर सारल्या आणि सुरुवात केली. ती लांब नळीची विंचेस्टर आहे ना, तुमच्या आजोबांची, काळपट तपकिरी पडलेली? तारेची घासणी घेतली, भांड्यांची पावडर घेतली आणि दुपारपर्यंत अशी लख्ख केली की तिच्यात बघून भांग पाडावा. इतकं बरं वाटलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच. आज दुसरी घेते. तो माणूस परत येईपर्यंत सगळ्या चमकल्या पाहिजेत. लाकडी दस्त्यांना कुठलं पॉलिश लावू तेवढं उलट टपाली कळव. फर्निचरचं चालेल का?

तुझी वहिनी,
हेस्टर


सॅल्मन, आयडाहो
११ मार्च

प्रिय वहिनी,

घासणी खाली ठेव. पुढची ओळ वाचायच्या आधी ठेव.

अगं, तो तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हता. ते तिचं वय होतं. शंभर वर्षं माणसांच्या हाताचा घाम, तेल, पाऊस, खोगिराचं घासणं हे सगळं पिऊन लोखंडावर जी साय धरते, ती बघून जाणकार पैसे मोजतो. तू ती साय एका सकाळीत खरवडून काढलीस. परवापर्यंत ती बंदूक दोन दुभत्या गाईंच्या मोलाची होती. आज कोणी बादलीसुद्धा देणार नाही. मी तुझं पत्र कॅफेत वाचलं. आधी डोक्याला हात लावला, मग एवढा हसलो की पोरगी पाणी घेऊन धावत आली. मर्ल असता तर दोन दिवस जेवला नसता आणि मग जन्मभर ही गोष्ट लोकांना सांगत फिरला असता.

झालं ते झालं. आता नीट ऐक. मी तीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानामागे बसून बंदुका दुरुस्त केल्यात, तेव्हा माझं ऐकायला हरकत नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. मर्लने सगळ्या रिकाम्या केल्या असतील, तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही ठेवू नकोस. शेजारच्या विल्माला बोलाव. ती बदकं मारायला जायची ना? प्रत्येक बंदूक तिच्याकडून उघडून घे, आत डोळ्याने बघ, मगच हातात धर. हातात सुती मोजे. मऊ फडकं, तेलाचा एखादा थेंब, बस्स. फर्निचरच्या पॉलिशचं नावही काढू नकोस.

मग प्रत्येकीबद्दल मला लिही. सगळ्या भागांवर नंबर एकच आहे का. स्क्रूच्या खाचा सरळ आहेत की कोणा अडाण्याने पिळून फाडल्यात. लाकूड लोखंडाला घट्ट बसलंय की फट दिसते. नक्षी असेल तर हाताची की यंत्राची. चाळीस वर्षं तू नवऱ्या मुलींचे झगे शिवलेस, हातकाम कसं ओळखायचं ते मी तुला काय सांगणार?

आणि त्या चकचकीत बुटाला सही देऊ नकोस.

जाता जाता एक. आमच्या बापाची जुनी दुनळी तिथे कुठे आहे का? दस्त्याच्या बारीक भागाला तार गुंडाळलेली. तिला किंमत काही नाही. सहज विचारतोय.

ऑरिन


लुईसटाऊन
२९ मार्च

प्रिय ऑरिन,

तुला काय सांगू, मी वेडी झालेय. सकाळचे नऊ वाजले की विल्मा मागच्या दाराने येते, आम्ही दोघी मोजे घालतो आणि जेवायची शुद्ध राहत नाही. पहिल्याच दिवशी कॉटखालच्या एकीत काडतूस निघालं. विल्मा नुसती म्हणाली, "बघितलंस?" त्या कॉटखालून मी केरसुणी फिरवत होते एवढी वर्षं.

पण ते सोड. ऑरिन, तिथे एक बंदूक आहे, हलकी, नाजूक, इंग्लंडहून आलेली. लोखंडावर तित्तर कोरलेत, गवतातून भुर्रकन उडताना. मी ती भिंगाखाली धरली. प्रत्येक पिसाची रेघ वेगळी रे. सुरुवातीला जाड, मग बारीक, आणि शेवटी उचललेली, मी टाका संपवताना सुई उचलते तशी. यंत्राला रेघ उचलता येत नाही, ते नुसतं थांबतं. आणि गंमत ऐक. डावीकडच्या एका पक्ष्याला एक पाय कमी आहे. कारागीर जेवायला उठला असेल आणि परत येऊन विसरला असेल. तेव्हापासून मला तो माणूस ओळखीचा वाटायला लागलाय.

मग आठवलं, ही घरात कधी आली ते. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात मी मर्लकडे नवी शेगडी मागितली होती. जुनीचं दार तारेने बांधून मी स्वयंपाक करत होते. तो म्हणाला, यंदा जमायचं नाही, हेस्टर. आणि त्याच महिन्यात पोत्यात गुंडाळून एक 'जुनं भंगार' घेऊन आला. हेच ते भंगार. मी तिथेच उभी राहून त्याला शिव्या घातल्या. विल्मा वर जाऊन बसली, एवढ्या घातल्या. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. चार महिने मी त्याच्या फोटोशी गोड गोड बोलत होते. एवढं गोड तर तो असतानाही कधी बोलले नव्हते.

काल दुकानदार आला. मी अगदी भोळा चेहरा केला. म्हटलं, सगळ्या घेऊन जा, फक्त ही पक्ष्यांची एक मला शोभेला राहू दे. तर गड्याने किंमत एकदम निम्म्यावर आणली. मला तेवढंच बघायचं होतं. त्याला कॉफी दिली, केकचा तुकडा दिला आणि दार दाखवलं.

तुझी तारवाली दुनळी मिळाली. ती तळघरात नाहीच. मर्लच्या कोटांमागे होती, झोपायच्या खोलीतल्या कपाटात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. किंमत नाही म्हणतोस, मग एवढी जपली कशाला? तुला हवी आहे का? हवी असेल तर सरळ तोंडाने माग.

हेस्टर


सॅल्मन
९ एप्रिल

प्रिय वहिनी,

मला नको. मी काय करणार तिचं? फक्त हाताळताना जप, तिचा डावा घोडा हलका आहे, नुसत्या धक्क्याने पडतो. तारेखाली भेग आहे. चौतीस साली बाप बर्फावरून घसरला तेव्हाची. त्या साली आमच्या शेतात टोळांखेरीज काही पिकलं नाही आणि आम्ही पाच माणसं त्या दुनळीवर जगलो. ससे, रानकोंबड्या, एकदा तर बगळा. बगळा खाऊ नये कोणी. तारेचे वेढे अकरा आहेत, मी धरून बसलो होतो आणि बापाने गुंडाळली. तेल देताना तारेवर देऊ नकोस, लाकूड पितं. पण मला नको.

तित्तरांच्या बंदुकीचं वाचून मात्र मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. माझा अंदाज खरा असेल तर ती एकटीच त्या माणसाच्या चार हजारांना भारी आहे. यावंसं वाटतंय, पण गुडघे साथ देत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये तुमच्याच गावात जत्रेच्या मैदानावर बंदुकांचं प्रदर्शन भरतं. लोक टेबलं मांडतात, बघतात, बोलतात, विकतात. एक टेबल घे. ज्या द्यायच्या त्या समोरच्या माणसाचं तोंड बघून देता येतील. एकगठ्ठा विकण्यात ती मजा नाही.

ऑरिन


लुईसटाऊन
२ मे

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र विल्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ज्याला नको असते तो तारेचे वेढे मोजत नाही.

मग मी दिवसभर शिवणयंत्रापाशी बसून जुन्या गोष्टी जुळवल्या. सासरे गेले तेव्हा तुम्ही दोघा भावांनी कोठारात नाणं उडवलं होतं. मी कॉफी घेऊन येत होते, ते दारातून पाहिलं. त्याच आठवड्यात तू आयडाहोला गेलास. मी इतकी वर्षं समजत होते की नाणं जमिनीसाठी उडवलं. जमिनीवरून कसला वाद, तुला तर गुरांचा कंटाळाच होता. नाणं त्या दुनळीसाठी होतं ना?

आता हे वाच. मर्ल दर वर्षी शिकारीच्या मोसमात कुठूनशी एक बंदूक, हीच ती हे आत्ता कळलं, बाहेर काढायचा, तेल द्यायचा आणि म्हणायचा, न्यायला येईल. मी विचारायचे, कोण? तो म्हणायचा, कोणी नाही. मी म्हणायचे, पोस्टाने पाठव मग त्या 'कोणी नाही'ला. तर तो ती परत फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवायचा.

तुम्हा दोघांच्या डोक्यात एकच लाकूड भरलंय. तेव्हा मीही पोस्टाने पाठवणार नाही. ये आणि घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर हळू गाडी चालव. तू येशील त्या दिवशी बटाट्याचा पातळ लेफ्सा लाटते, लोणी आणि साखर भरून, तुझ्या आईसारखा.

दुसरी बातमी. मी बंदूक चालवली. ती घासलेली विंचेस्टर. विल्मा म्हणाली, हिची किंमत आता गेलीच आहे, मग हिला कपाटात कशाला कोंडायची? मी आधी ती इथल्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून तपासून घेतली, तो म्हणाला चालवायला ठणठणीत आहे. मग खडीच्या खाणीत गेलो, कानात बोळे घातले. पहिल्या गोळीला डोळे मिटले. दुसरी कुठे गेली देवाला ठाऊक. तिसऱ्या गोळीला कॉफीचा डबा टणकन उडाला आणि मी सत्तरीला आलेली बाई, तिथे नाचले. किमतीच्या सगळ्या जणी खाली अंधारात बसल्यात आणि ही बिनकिमतीची रविवारी फिरायला जाते.

कधी येतोस ते कळव. बटाटे उकडायला लागतात.

हेस्टर


बिलिंग्ज, मोंटाना
१९ जुलै

प्रिय काका,

तुम्ही जूनमध्ये आठवडाभर आईकडे राहून गेलात. माझी भेट झाली नाही याचं वाईट वाटलं. पण तेव्हापासून आईचं काही खरं नाही, म्हणून लिहितोय.

ती मला फोनवर सांगते, विक्रीचं चाललंय. गेल्या शनिवारी अचानक गेलो तर एकही विकलेली नाही. जेवणाच्या टेबलावर हिरवी मखमल कापून ठेवली होती आणि ती छोट्या पुठ्ठ्यांवर वळणदार अक्षरात बंदुकांची माहिती लिहीत होती. विल्माकाकू शेजारी बसून एक खटका उघडझाप करत होत्या. दर रविवारी दोघी खाणीत जातात. आईच्या खांद्यावर निळा डाग आहे आणि तो ती लोकांना दाखवते. मी जेवायला थांबलो तर तीन वेळा विषय तित्तरांवर आला.

गारपिटीने पिकाचं किती नुकसान झालं ते ठरवणं हे माझं काम. रोज शेताच्या बांधावर उभा राहून मी लोकांना हेच सांगतो, की तुम्हाला काय वाटतं ते बाजूला ठेवा, आज याचं कोण किती देईल ते बोला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, तुझ्या बापाने तुला तळघर कधी दाखवलंच नाही, तुला काय कळणार.

ते खरं आहे. नऊ वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी मला पहिल्यांदा शिकारीला नेलं. हरीण पडलं, ते अजून पाय झाडत होतं, आणि मी रडायला लागलो तो घरी येईपर्यंत थांबलो नाही. ते रागावले नाहीत. पण त्यानंतर खाली चल असं कधी म्हणाले नाहीत. शाळेतून आलो की खालून खटक्यांचे आवाज यायचे आणि मी वर बसून गृहपाठ करायचो. मला त्या बंदुका नकोत आणि त्यांचे पैसेही नकोत. त्या घरातून गेल्या म्हणजे झालं. तुमचं ती ऐकते. जरा सांगा तिला.

ड्वाइट


सॅल्मन
२६ जुलै

प्रिय ड्वाइट,

तुझी आई माझं ऐकत नाही. मी तिचं ऐकतो. बंदुका तुझ्या आईला मिळाल्यात आणि ती त्यांना लायक निघाली, हे मला तिच्या घरी तिसऱ्या दिवशी कळलं. तिने एका पिस्तुलाचा स्क्रू बघून सांगितलं की हा बदललेला आहे. मी तो तोवर दोनदा बघून खाली ठेवला होता.

तुझ्या बापाबद्दल मी काय सांगणार. एकोणचाळीस वर्षं आम्ही नाताळच्या कार्डावर चार ओळी लिहिल्या, हवा कशी आहे वगैरे. मी आलो तेव्हा तो नव्हता. तुझ्या आईने दुनळी माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली, आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिली. मी तिच्या त्या उपकाराबद्दल अजून आभार मानलेले नाहीत. बंदुकीच्या दुकानातून दुनळीचे कागद करून घेतले आणि ती घरी आणली. आता ती दाराशेजारी उभी असते. मी तिच्याकडे बघून जेवतो.

आपल्या घरातले पुरुष बोलत नाहीत. त्याला इलाज नाही. पण तुझा बाप दुसऱ्यांशी बोलत असे, असं तिथल्या कॅफेत मला चारचौघांनी सांगितलं. तेव्हा एक कर. ऑक्टोबरमध्ये दोन दिवस रजा काढ आणि आईच्या टेबलाशी बस. तुला विकायच्याच आहेत ना, मग विकायला मदत कर. जुनी माणसं तिथे येतात आणि त्यांची तोंडं बंद नसतात. मी जाऊन काही उपयोग नाही, ऐकू येत नाही. तू जा.

ऑरिनकाका


लुईसटाऊन
२४ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

तू आला नाहीस म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, बसून वाच.

यलोस्टोनच्या वणव्याचा धूर अखेर निवळला होता, आभाळ धुतल्यासारखं. हॉलमध्ये सगळीकडे तेलाचा आणि मिरचीवाल्या राजम्याचा वास. आमचं टेबल दारापासून तिसरं. हिरवी मखमल, प्रत्येकीपुढे पुठ्ठा. मी नुसतं साल आणि नंबर लिहिले नव्हते, ती कोणाची होती, मर्लकडे कशी आली, तेही लिहिलं होतं, मला जेवढं माहीत होतं तेवढं. जे माहीत नव्हतं तिथे लिहिलं, माहीत असेल तर सांगा. ऑरिन, लोक सांगत होते. रांग लागली होती सांगायला. एक जण म्हणाला ही माझ्या चुलत्याची, जुगारात हरला होता. विल्मा पेन्सिल घेऊन लिहून घेत होती.

चकचकीत बूट आला. तित्तरांपुढे उभा राहिला, किंमत वाचली, आणि हळूच म्हणाला की सगळ्या मिळून घेतल्या तर काही कमी होईल का. मी म्हटलं, आता एकगठ्ठा देत नाही. आणि विल्मा हसली, तेवढं पुरलं.

ती बंदूक मी विकली. तू रागावशील, पण ऐक. दुपारी एक बाई आली, बोझमनची, घोड्यांची डॉक्टर. बराच वेळ वाकून बघत होती. मग तिने भिंग मागितलं आणि स्वतःहून म्हणाली, या पक्ष्याला एक पाय कमी आहे. दिवसभरात दोनशे माणसांनी ती हाताळली असेल, कोणाला तो पाय दिसला नव्हता. मी तिला तिथेच देऊन टाकली, अगदी पूर्ण किमतीला. आणि सोमवारी जाऊन शेगडी आणली. सहा चुली आहेत. तीस वर्षं उशिरा, पण तुझ्या भावाच्याच पैशाने आली.

आता ड्वाइट. पहिल्या दिवशी तो खुर्चीत असा बसला होता, जणू दात काढून घ्यायला आलाय. पण बारापर्यंत त्याला चटक लागली. त्याला भाव करता येतो रे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. माणसं येऊन विचारायची, तू मर्लचा मुलगा का? आणि मग उभं राहून सांगत बसायची. मर्लने कोणाला बर्फातून ओढून काढलं, कोणाची बंदूक फुकट नीट करून दिली. ड्वाइट ऐकायचा आणि माझ्याकडे बघायचा, हे खरं आहे का असं. मलाही त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी. टेबलाच्या टोकाला मी स्वस्तातल्या मांडल्या होत्या. त्यात एक छोटी होती, एकेक काडतूस घालायची, लहान पोरांना शिकवायला घेतात तसली. जूनमध्ये तूच म्हणाला होतास, दस्ता कापलाय, हिची किंमत गेली. ड्वाइट ती ग्रास रेंज गावच्या एका माणसाला विकत होता. भाव ठरला होता, माणूस पाकीट काढत होता. तेवढ्यात सेल्मर ब्रेक्के आला. राउंडअप गावचा म्हातारा, दस्ते बनवायचा, आता काठी टेकत चालतो. त्याने ती उचलली, नळीकडे बघितलंसुद्धा नाही. दस्त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे मी कापलंय."

ड्वाइटने विचारलं, कशासाठी.

"एकावन्न साली मर्लने आणून दिली. म्हणाला, मुलगा झालाय, चार दिवसांचा. मी म्हटलं, चार दिवसांच्या पोराला बंदूक? तर म्हणाला, नऊ वर्षांचा होईल तेव्हाच्या हाताला बसेल अशी काप. मी म्हटलं, त्याचा हात तेव्हा केवढा असेल ते मला काय माहीत? तुझ्या बापाने बाही वर केली. म्हणाला, माझ्यावर गेला असेल असं धर."

ग्रास रेंजचा माणूस पैसे हातात धरून उभा होता. सेल्मरला थांबायची सवय नाही, तो बोलतच राहिला. म्हणाला, नऊ-दहा वर्षांनी मर्ल ती परत घेऊन आला. एकही गोळी न झाडलेली. पोराला हरणाचं वाईट वाटलं, चांगलं पोरगं आहे, असं म्हणाला. लाकूड जोडून पुन्हा लांब कर, विकून टाकतो. "मी लाकूड शोधलं, रंग जुळवला, करवत घेतली. तर म्हणतो, राहू दे. तशीच राहू दे. आणि घेऊन गेला. मला माझ्या वेळेचे पैसे दिले, कॉफी पाजली."

ड्वाइटने ती खांद्याला लावून पाहिली. सदतीस वर्षांचा, सहा फुटी माणूस. कोपर छातीत रुतलं, मान वाकडी झाली. कोणी हसलं नाही. मग त्याने किमतीची चिठ्ठी सोडवली, खिशात घातली आणि त्या माणसाला म्हणाला, "माफ करा, ही विकलेली आहे." माणूस म्हणाला, कोणाला, आत्ता तर भाव ठरला. ड्वाइटने बंदूक उचलून आपल्या खुर्चीमागे ठेवली. मी त्या माणसाला कॉफी आणि केक दिला. आणखी काय करणार?

विकून उरल्या आहेत सव्वीस. ड्वाइटने परत जाताना गाडीत विचारलं, आई, तुझ्यानंतर या कोणाला? मी म्हटलं, माझ्यानंतरचं माझ्यानंतर. अजून मला त्या जर्मन पिस्तुलाचा खटका उघडता येत नाही. तर म्हणाला, पुढच्या वेळी मला खाली घेऊन चल, मी बघतो.

काल तो लेकीला, कोरालीला, घेऊन आला. तिला दहावं लागलंय, हातपाय लांब झालेत. आम्ही सगळे खाणीत गेलो. विल्माने तिला अर्धा तास नुसतं धरायला शिकवलं, तीच छोटी बंदूक, रिकामी, बोट लांब, नळी जमिनीकडे. पोरगी कंटाळली नाही. मग खांद्याला लावली. ऑरिन, ती अशी बसली जशी मी झग्याची बाही मापून बसवते, कुठे चिमूटभर सैल नाही. तिसऱ्या गोळीला डबा पडला. तिच्या आजीलाही तिसऱ्याच गोळीला जमलं होतं, हे मी तिला लगेच सांगितलं.

ड्वाइट पुढे जाऊन डबे पुन्हा मांडत होता. कोरालीने बंदूक उघडून विल्माच्या हातात दिली, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि त्याला मोठ्याने विचारलं, "बाबा, आजोबांनी ही माझ्यासाठी केली होती का?"

तो वाकलेलाच राहिला. हातातला डबा दगडावर ठेवला, जरा सरळ केला.

"नाही," म्हणाला. "ती माझी आहे. तुला वापरायला दिलीय."

तुझी वहिनी,
हेस्टर